बंदुकीच्या कानातलं पीस

पावसाळा तोंडावर आला की आमच्या डोंगरात घराघरांतल्या ठासणीच्या बंदुका धुवायला खाली उतरतात. आमच्या कुळाची बंदूक माझ्याकडे असते. कुळात कुणी गेलं की तिचे तीन बार काढायचे, त्याशिवाय गेलेल्याला वाट सापडत नाही. दुसऱ्या कुणाची बंदूक त्याला चालत नाही. एरवी ती चुलीवरच्या धुरात टांगलेली असते, तोंडाला चरबीत भिजवलेल्या चिंधीचं बूच लावून.

त्या दुपारी मी ती उतरवली, ती खरं तर हात रिकामे राहू नयेत म्हणून. माझा मुलगा लेंग तापानं फणफणला होता. बायको, ब्लिया, त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या बदलत होती. मला ते बघवत नव्हतं.

आमच्याच कुळातले चोंग तोउ काका नेहमीसारखे उंबऱ्यावर येऊन बसले.

"काय रे न्हिया, लाडकीला न्हाऊ घालतोस? बायकोला कधी एवढी चरबी चोळलीस का?"

मी बूच काढलं. आतून कुजक्या अंड्यांचा वास आला. नुकत्याच जळलेल्या दारूचा.

"काका, हुंगा जरा."

काकांनी हुंगलं. मी नळीत कढत पाणी ओतलं. मागच्या कानातून, त्या बारीक छिद्रातून, काळंकुट्ट पाणी आलं.

"मीठ लावलेली चरबी वापरली असशील मेल्या."

"मिठानं गंज चढतो, काका. पाणी तांबडं आलं असतं. ही काजळी आहे."

"मग उडवली कुणी?"

"बूच आत्ता मीच काढलं ना तुमच्यासमोर..."

काकांनी खाटेकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "घाई झालीय हिला. बार आधीच काढून बसलीय..."

कुणाचे बार, हे मी विचारलं नाही.

"धू," काका म्हणाले. "चिंधी पांढरी निघेपर्यंत थांबू नकोस. धुतलेली बंदूक बोललेली नसते."

मी धूत राहिलो. पाणी ओतायचं, गजाला चिंधी गुंडाळून आतबाहेर करायचं, पुन्हा पाणी. दर वेळी काळंच. तिकडे पोराच्या छातीत घरघर लागली होती. चुलीवरचं पाणी संपलं.

"जा, पाणी घेऊन ये. मी धरतो," काका म्हणाले.

झऱ्यावरून परत आलो तर काका नळीच्या तोंडाला तोंड लावून फुंकत होते. तशी आमची रीतच आहे. तोंडातून फुंकायचं, कानापाशी कोंबडीचं पीस धरायचं. पीस थरथरलं की नळी मोकळी. काका फुंकत राहिले, म्हाताऱ्या छातीत मावेल त्याहून कितीतरी जास्त. पीस हललंच नाही. श्वास आत जात होता आणि बाहेर येत नव्हता.

"अडकलंय का काही?"

"नाही रे." त्यांनी काळे झालेले ओठ पुसले. "आता घाल पाणी."

पाणी स्वच्छ आलं. चिंधी पांढरी निघाली. आणि ब्लिया ओरडली, "अहो, लेंगनं डोळे उघडले! पेज मागतोय!"

मी लहान मुलासारखा रडलो.

काका खांबाला धरून उठले. "चरबी बिनमिठाची लाव. आणि ते पीस कानात खोचून राहू दे..." एवढं बोलून ते घरी गेले.

दिवेलागणीला त्यांच्या घरातून रडणं ऐकू आलं. त्यांचा मुलगा धावत आला. "दादा, बा गेला. बार काढ."

मी बंदूक आणि दारूचं शिंग उतरवलं. ठासायच्या आधी कान मोकळा करावा लागतो, म्हणून पिसाला हात घातला. पीस हलत होतं. वारा नव्हता. आत ओढलं जायचं, बाहेर झुकायचं. मागे खाटेवर लेंग झोपला होता, आणि त्याची छाती त्याच लयीत वरखाली होत होती.

मी पीस चिमटीत घट्ट धरलं. पोराचा श्वास अडकला. सोडलं, तेव्हा कुठे त्यानं उसासा टाकला.

"दादा, काढतोस ना बार? बा वाटेवर ताटकळला असेल..."

मी काढले नाहीत. दारू सर्दली म्हणून सांगितलं. काकांचा मुलगा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, आणि त्याचं चुकतंय असं मी म्हणणार नाही.

लेंग आता डोंगर चढून लाकडं आणतो. बंदूक धुरात टांगलेली आहे, मी तिला हात लावत नाही. फक्त रोज दिवेलागणीला उंबऱ्यापाशी कुजक्या अंड्यांचा वास येतो, आणि लेंग आत येताना तिथे कुणी बसलेलं असावं तसा पाय उंच उचलून टाकतो.