ऐंशीवर अडकलेला काटा

पटलं तर वाचा, नाहीतर पुढे जा. मला कोणाला पटवायचं नाही. पोलिसांना पटलं नाही, डॉक्टरांना पटलं नाही, तुम्हाला कशाला पटेल?

पण घडलंय. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

आणि रात्री-बित्री नाही, भर दुपारी. रविवारी आमच्या अंगणात सुरू झालं आणि सोमवारी गल्लीच्या तोंडाशी संपलं.

मी घरी शिवणकाम करते. घरात आम्ही दोघंच, मी आणि धाकटा भाऊ. लहानपणी गुबगुबीत होता म्हणून सगळे त्याला ढब्ब्या म्हणायचे. मोठा होऊन काडी झाला, तरी नाव तेच राहिलं. आई गेली तेव्हा तो शाळेतसुद्धा जात नव्हता. मीच त्याला भरवलं, मीच बडवलं, मीच मोठं केलं. माझं लग्न राहिलं ते राहिलंच. त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण ढब्ब्या होता.

बाबांची जुनी मोटरसायकल तो चालवायचा. चालवायचा कसला, रांगवायचा! सायकलवालेसुद्धा त्याला मागे टाकून जायचे. मी म्हणायचे, "अरे, तुझ्या मागे बसण्यापेक्षा चालत गेले तर लवकर पोचेन." तो हसायचा. "ताई, हळू जातो तोच घरी येतो."

त्या गाडीचं वेगाचं मीटर बिघडलं होतं. गाडी रांगत असली तरी काटा नुसता नाचायचा. जुन्या गाडीची तपासणी तोंडावर आली होती, आणि मीटर चालत नसेल तर गाडी पास करत नाहीत. गाडी नाही तर गावाबाहेरच्या गोदामात कामाला जायचं कसं? त्या गाडीला नवीन मीटर कुठे मिळेना. शेवटी हा भंगारवाल्याकडे गेला आणि तसलंच एक जुनं मीटर शोधून घेऊन आला.

काच शाबूत होती. आकडे स्वच्छ होते.

फक्त काटा... ऐंशीवर अडकलेला.

ते घेऊन आम्ही कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं मीटर हातात घेतलं, एकदा बघितलं आणि सरळ हातोडा उचलला.

"अहो, काय करताय?" मी ओरडले.

"फोडतोय. काटा वर अडकलेलं मीटर आमच्यात कोणी बसवत नाही. फोडूनच टाकायचं असतं. भंगारवाल्यानं तसंच ठेवलं, गाढव आहे तो."

"का बसवत नाही?"

"का ते मला विचारू नका. उचला आणि चालते व्हा. परत ही वस्तू माझ्या दारात दिसली तर गाडीसकट गटारात घालेन."

ढब्ब्याला राग येत नसे. त्याच्या वाटचाही मलाच यायचा. "अडलंय आमचं खेटर!" मी म्हणाले. "आमचं आम्ही बसवू. चल रे."

घरी आलो. ढब्ब्यानं गाडी स्टँडला लावली. हेडलाइटमागचे नट सोडले, पुढच्या चाकाकडून येणारी केबल काढली, जुनं मीटर उचललं. नट हरवू नयेत म्हणून मी वाटी धरून उभी होते. मग त्यानं भंगारातल्या मीटरची कडा पेचकसानं उकलली, काच काढली आणि काट्याखाली अलगद नख घातलं.

"ये बाबा खाली," असं म्हणत त्यानं काटा ओढून शून्यावर आणला.

टक्...

एवढासा आवाज. कोणी बोट मोडावं तसा.

मीटर बसलं. केबल लागली. ढब्ब्यानं पुढचं चाक उचलून हातानं गरकन फिरवलं. काटा उठला, चाक थांबल्यावर खाली बसला. "बघ, झालं की नाही?" पोरगं खूश.

आम्ही आत चहाला बसलो. माझ्या शिलाई मशीनच्या खिडकीतून गाडी दिसते. मी सहज बाहेर बघितलं.

चाक थांबलेलं होतं.

काटा चढत होता...

झटक्यात नाही. कोणी सावकाश गाडीची मूठ पिळावी तसा. वीस... चाळीस... साठ... ऐंशीवर क्षणभर थांबला. मग धाडकन खाली.

"ढब्ब्या, ते मीटर आपोआप हललं."

"केबलला पीळ राहिला असेल गं ताई. सुटला."

त्याला यंत्रातलं कळतं, मला नाही.

चहा पिऊन तो गल्लीत एक फेरी मारायला गेला. मी फाटकात उभी. परत येताना दिसला, नेहमीसारखाच रांगत. गल्लीतलं कुत्रं त्याच्या शेजारून निवांत चालत होतं, एवढा हळू.

पण जवळ आला, तेव्हा नीट दिसला.

केस पार मागे चिकटलेले. डोळे लाल, पाणी कानापर्यंत ओघळलेलं. शर्टावर चिलटं चिरडलेली. आणि खांद्याची शिवण... मी स्वतः दुहेरी मारलेली शिवण... टरकलेली.

"ताई," तो धापा टाकत म्हणाला, "वारा बघ काय सुटलाय!"

मी दोरीवरच्या कपड्यांकडे बघितलं.

एक बाहीसुद्धा हलत नव्हती.

त्याला आत नेऊन खुर्चीत बसवलं. त्यानं दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली आणि पुढे वाकून बसला. मी खिडकी लावली. दार लावलं.

फडफड... फडफड...

बंद खोलीत त्याचा शर्ट पाठीमागे उडत होता. मी तळहातानं कापड त्याच्या पाठीवर दाबून धरलं. ते माझ्या हाताखालून ओढलं गेलं. आयुष्यभर कापड हाताळलंय मी. कापडाला कोण ओढतंय हे बोटांना कळतं. तिथं कोणीच नव्हतं.

"ताई," ढब्ब्या हळूच म्हणाला, "मी बसलोय ना गं?"

"बसलायस रे राजा. घरात आहेस."

"थांबल्यासारखं वाटतच नाहीये."

मी चावी काढून घेतली. संध्याकाळभर त्याला धरून बसले. देवाला शिव्या घातल्या, मग त्याच्याच पाया पडले. कधीतरी ती फडफड थांबली आणि ढब्ब्या तसाच टेबलावर डोकं ठेवून झोपला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः मीटर काढायला गेले. त्यानं दोन बोटांनी पिळलेला नट मला पक्कडीनंसुद्धा सुटेना. दुपार झाली, हाताला फोड आले.

"मी त्या मिस्त्रीला घेऊन येते," मी त्याला बजावलं. "पाया पडेन, नाहीतर मानगूट धरून आणेन. तू गाडीवर बसायचं नाहीस."

"चावीच तुझ्याकडे आहे, कसा बसणार?" तो हसला. थोडंसंच.

मिस्त्रीनं मला लांबूनच बघितलं. "आता काय?"

"तेवढं मीटर काढून द्या."

"काटा कुठे आहे?"

"खाली आणलाय. भावानं, नखानं..."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो बाई, काटा जिथं थांबला तिथं माणूस थांबला. हे मीटर ज्याच्या गाडीचं, त्याचं जे व्हायचं ते ऐंशीवर होऊन गेलं होतं. तुम्ही त्याला परत शून्यापासून निघायला लावलंत!"

"म्हणजे?"

"निघालाय तर पोचणारच तो. भाऊ कुठे आहे?"

"घरी. चावी माझ्या मुठीत आहे."

"चला. पळा आधी."

आम्ही गल्लीच्या तोंडाशी पोचलो आणि समोरून ढब्ब्या येताना दिसला.

गाडीवर बसून नाही. पायी. इंजिन बंद, गाडी हातानं ढकलत. मला हेलपाटा पडू नये म्हणून गाडीच मिस्त्रीकडे न्यायला निघाला होता माझा बाळ.

पावलं साधी पडत होती. एक... एक...

पण केस मागे ताठ झाले होते. गालांची कातडी कानाकडे ओढली गेली होती. ओठ दातांवरून मागे सरकले होते.

"साठ..." मिस्त्री पुटपुटला. त्याची नजर मीटरवर होती. "सत्तर..."

"सोड ती गाडी!" मी किंचाळले.

"हात सुटत नाहीयेत! ताई, बाजूला हो! ब्रेक लागत नाहीये!"

चालत होता हो तो. माझ्यापासून हाताच्या अंतरावर चालत होता. मी त्याचा दंड धरला आणि मला असा हिसका बसला की मी भिंतीवर जाऊन आदळले.

गल्लीच्या तोंडाशी कुंपणाचा खांब आहे. पुढचं चाक त्याला टेकलं.

नुसतं टेकलं. भिंतीला सायकल टेकवावी तसं.

आणि मग जो आवाज झाला... तो मी सांगणार नाही.

डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, "किती वेगात होता?"

"चालत होता."

"बाई, खरं सांगा. छातीच्या पिंजऱ्याचा असा चुरा चालताना होत नाही."

पोलिसांनी विचारलं, चावी कुठे आहे? मी मूठ उघडली. चावीचे दाते तळहातात रुतले होते. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. मिस्त्रीनं जबाब दिला की त्यानं काहीच पाहिलं नाही. मेल्या, तोंडानं आकडे मोजत होतास तू!

ढब्ब्या गेला.

खांबाला साधा ओरखडा नाही. गाडीचं चाकसुद्धा वाकलं नाही. काटा ऐंशीवर. आणि मला पक्कडीनं न सुटलेला तो नट त्या संध्याकाळी दोन बोटांनी सुटला.

नंतर मिस्त्री हातोडा घेऊन दारात आला. "द्या ते, फोडतो."

मी कापडाची मोठी कात्री उचलली. "एक पाऊल आत टाकून बघा."

तो गेला. आता माझ्याकडे बघतसुद्धा नाही. गल्लीत सगळे म्हणतात, बाई भ्रमिष्ट झाली, ते अवदसेचं मीटर शिलाई मशीनवर ठेवून बसते. म्हणू देत.

कसं फोडू? काटा जिथं थांबला तिथं माणूस थांबला, हे त्यानंच सांगितलं ना? मग माझा ढब्ब्या आहे त्यात. ऐंशीवर आहे. एका नखाचं काम आहे... काटा खाली आणला की तो परत निघेल.

तो एकटा येणार नाही, हेही मला माहीत आहे. कोणाच्या तरी गाडीवरून येईल. कोणाच्या तरी भावाला घेऊन.

परवा शेजारीण आली होती. तिच्या भाच्याची गाडी याच जातीची, मीटर बिघडलेलं. "तुमच्याकडे पडूनच आहे ना," म्हणाली, "देता का?"

मी नाही म्हणाले.

पण लगेच म्हणाले नाही...

रोज सकाळी मी नखं मुळापासून कापते. तरी वाढतातच.