अस्सल उतारा

जर्मनीत, वायमारमधल्या एका पोटमाळ्यावरच्या खोलीत विबके लोहमान वर्षभर खोटं पेरत बसली होती. साहित्यचोरी पकडणाऱ्या यंत्रांची परीक्षा घ्यायची, तर चोरीचा माल आधी तयार करावा लागतो. भाडोत्री लेखक पुस्तकांतले उतारे शब्द फिरवून लिहीत; काहींनी मात्र काही न बघता अस्सल लिहायचं. शुक्रवारी हा संग्रह यंत्रांच्या स्पर्धेतल्या स्पर्धकांकडे जायचा होता, आणि चाचणीत यंत्रानं विबकेनं स्वतः लिहिलेला अस्सल उताराच चोरीचा ठरवला. यंत्राच्या मते मूळ लेखक झाइडलर, तिच्याच भाडोत्री लेखकांपैकी एक, छापखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचा उतारा एप्रिलमधला, तिच्या कितीतरी आधीचा.

तिनं त्यांना फोन लावला.

"सुचलं ते लिहिलं, फ्राउ लोहमान. कुठे बघू नका, असं तुम्हीच सांगितलंत."

"सापडली चोरटी," शेजारच्या टेबलावरचा थोर्बेन म्हणाला. तो कच्च्या खिम्याचा, वर कांदा पेरलेला पाव खात होता. शाकाहारी विबकेला ते बघवत नसे.

"तू आधी ते मढं गिळ."

"अर्धं ठेवतोय. सायकलवर जाऊन कॉफी आणतो. हात लावू नकोस."

"मेले तरी लावणार नाही."

तो गेला आणि विबके हट्टाला पेटली. आत्ता समोर आहे तेच लिहायचं. ते एप्रिलमध्ये कुणाला कळणार? तिनं लिहिलं: धुरकट काच, खुर्चीवर विसरलेलं हेल्मेट, कागदावर अर्धा पाव, दातांच्या खुणा दाराकडे.

यंत्रानं सगळं चोरीचं म्हणून रंगवलं. झाइडलर, एप्रिल. हेल्मेटसुद्धा.

फरक एकच. त्यांच्या पानात दातांच्या खुणा खिडकीकडे होत्या. विबकेनं तेवढाच आधार धरला. शिवाय त्यांच्याकडे शेवटी एक ओळ जास्त होती.

"उरलेला पाव कुणीच खाल्ला नाही."

तिनं थोर्बेनला फोन लावला. फोन त्याच्याच टेबलावर थरथरला.

तिला भीती वाटली, आणि त्या भीतीचा रागही आला. ओळ खोटी पाडायला एक घास पुरे होता. तिनं पाव उचलला. कांद्याचा वास नाकात गेला.

खाली दगडी रस्त्यावर रुग्णवाहिकेचा भोंगा वाजत आला आणि कोपऱ्यावर थांबला.

"खा," ती स्वतःला म्हणाली.

दातखीळ बसल्यासारखं झालं. तिनं पाव ओठांवर दाबला, पुन्हा दाबला. डोळ्यांतून पाणी आलं. तोंड उघडेना.

जिन्यावर पावलं वाजली, जड, अनोळखी. कुणीतरी तिचं आडनाव विचारत होतं.

तिनं पाव परत कागदावर ठेवला.

दातांच्या खुणा खिडकीकडे होत्या.