सुलट्या पंख्यांचं प्रकरण

"तीन, दोन, एक... सोड!"

ढब्बूने रिमोटची कळ सरकवली. ड्रोन वीतभर उचलला गेला, हवेतच कोलांटी मारून काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीत शिरला. चादरीने त्याला पोटाशी धरलं. मग दोरी तुटली. मग चादर, ड्रोन आणि काकांचे दोन सदरे गुण्यागोविंदाने रिकाम्या बादलीत उतरले.

"उडाला हे मान्य करावं लागेल," वकील म्हणाला. अकरा वर्षांच्या या मुलाला वकील म्हणत, कारण तो दूध नको म्हणतानाही तीन मुद्दे मांडायचा.

"गप रे!" त्याची मोठी बहीण टाचणी ओरडली. "काकू आल्या!"

काकू खरंच आल्या. त्या ओरडल्या नाहीत. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"हे यंत्र आणखी एकदा माझ्या कपड्यांत दिसलं, तर उद्याची शर्यत रद्द. कळलं?"

"कळलं!" तिघं एका सुरात म्हणाली. बादलीतून ड्रोननेही 'पिप' केलं.

ड्रोनची शर्यत उद्या सकाळी होती, शाळेच्या मैदानावर. तिघांत सर्वांत धाकटा ढब्बू तर जेवणच विसरला होता. कुठल्याही खेळात संघ पाडताना तो शेवटी उरायचा. एकदा त्याच्याआधी शेजारचा कुत्रा निवडला गेला होता. आणि कुत्रा बरा खेळला, ही त्यातली वाईट गोष्ट. पण रिमोट हातात आला की ढब्बूची बोटं अशी काही चालत, की टाचणीने पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, "पायलट तूच!" पहिल्यांदा निवडलं जाण्याचा हा त्याच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग होता.

ड्रोन त्यांनी सांगाड्यापासून स्वतः जोडला होता. चार हात, चार मोटारी, मधोमध इलेक्ट्रॉनिक पाटी. जागा होती काकांच्या दुकानातलं मागचं टेबल. काका पंखे दुरुस्त करायचे. बाजारातला प्रत्येक पंखा कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेलेला. लग्नाला गेले, तरी आधी छताकडे बघत आणि मग नवरा-नवरीकडे.

"काल संध्याकाळी झकास तरंगत होता," ढब्बू रडवेला झाला. "माझंच काहीतरी चुकतंय."

टाचणीने ड्रोन नाकाशी धरला. तिचे डोळे बारीक झाले.

"तुझं नाही! पंखे बघ. चारही एकाच बाजूला कललेत!"

"मग?"

"अरे, दोन मोटारी उजवीकडे फिरतात, दोन डावीकडे. नाहीतर ड्रोन भोवऱ्यासारखा गरगरेल. म्हणून पंखेही दोन तसले, दोन असले. मी काल तसेच लावले होते! कोणीतरी जादा पंख्यांच्या पाकिटातले दोन लावलेत."

"मांजर," वकील म्हणाला.

"मांजर पाना वापरतं?"

"वापरत नाही, असा पुरावा आहे का?"

टाचणीने पंखे पुन्हा नीट लावले आणि ड्रोन टेबलावर ठेवला. मग जिन्यात उभी राहून ती मोठ्याने म्हणाली, "काकू, आम्ही वाचनालयात चाललो!"

"सुट्टीत?" वरून आवाज आला. "ताप आलाय का?"

तिघं दुकानात परत शिरली आणि कूलरच्या रिकाम्या खोक्यामागे बसली. वकिलाला शिंक आली. टाचणीने त्याचं नाक धरलं. त्याने डोळ्यांनीच निषेध नोंदवला.

पावलं वाजली. हातात पाना घेऊन आले ते... काका!

त्यांनी चष्मा पुसला, ड्रोन उचलला आणि हळहळले, "च्च च्च! पुन्हा दोन उलटे! पोरं हुशार आहेत, पण पंखा बसवणं म्हणजे..." त्यांनी दोन पंखे काढले, पाकिटातले दोन बसवले आणि ड्रोनच्या पाठीवर थोपटलं. "सांगायचं नाही हं त्यांना. हिरमुसतील बिचारी."

काका गेले.

"आरोपी सापडला," वकील नाकातून कुजबुजला. "आता सांगून टाकू."

"नको!" ढब्बू म्हणाला. "आपण हिरमुसू नये म्हणून त्यांनी गुपचूप केलं. त्यांना सांगितलं, तर ते नाही का हिरमुसणार?"

टाचणीने त्याच्याकडे बघितलं. नऊ वर्षांच्या माणसाने एवढं खरं बोलू नये, असं तिला वाटलं.

संध्याकाळी तिने ड्रोन टेबलावरच्या शिकंज्यात घट्ट आवळला. प्रत्येक पंख्याखाली कागदाचे कपटे पसरले.

"काका, वारा कसा लागतोय ते जरा बघता? तुमच्याइतकं पंख्यातलं कोणाला कळतं?"

काका लगबगीने आले. सगळे लांब उभे राहिले. ढब्बूने कळ सरकवली. दोन पंख्यांखालचे कपटे फर्रकन उडाले. उरलेल्या दोन पंख्यांखालचे वर ओढले गेले, भुगा झाले आणि काकांच्या मिशीवर येऊन बसले.

"थांबव!" काका पुढे वाकले. "दोन खाली मारतायत, दोन वर! असा ड्रोन उलटणारच की! म्हणजे हे दोन..." त्यांनी मोटारीकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. कान लालबुंद झाले. "कोणी बसवले हे?"

वकिलाने तोंड उघडलं. टाचणीने त्याच्या पायावर पाय दिला.

"आम्हीच बसवले असतील, काका," ढब्बू म्हणाला.

काका त्याच्याकडे वळले. मिशीवरचा कपटा टिपून म्हणाले, "खोटं बोलायला शिकवा रे याला कोणीतरी. मीच बसवले. दोनदा! चाळीस वर्षं पंख्यात गेली, पण उलटा पंखा बरोबर असतो हे आज कळलं. घे ताई, पाना. तूच बसव."

"काका, तुम्ही मदत..."

"नाही!" काकांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. अगदी कष्टाने नेले.

सकाळी मैदानावर ड्रोन झेपावले. एक झाडात अडकला, एक पंचांच्या टोपीवर बसला. ढब्बूचा मात्र कमानींमधून सपसप वळत गेला. एका वळणावर तो तिरका झाला, तेव्हा काकूंनी "सांभाळ रे!" अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या दोन पायलटांनीही सांभाळलं. ढब्बू दुसरा आला!

"शाब्बास रे माझ्या राजा!" काकूंनी त्याला कवटाळलं. "आणि तुम्ही दोघंही! घरी चला, हवं ते मागा."

"त्याबाबत तीन मुद्दे आहेत," वकील म्हणाला.

एवढ्यात पंच ड्रोन न्याहाळत काकांकडे आले. "जोडणी एकदम पक्की आहे. पंखे तुमच्यासारख्या मुरलेल्या माणसाच्या हातचे दिसतात."

काकांचे हात अजून पाठीमागेच होते.

"छे हो," ते छाती फुगवून म्हणाले. "सगळं पोरांनी केलं. मी हातसुद्धा लावला नाही!"