दहाव्याचा भात

शुक्रवारी आम्हाला सुट्टी असते. त्या शुक्रवारी सकाळी इक्बाल माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा मी खाटेवर बसून मोजे शोधत होतो. सुट्टीच्या दिवशी मोजे कशाला हवेत, हे मलाही सांगता आलं नसतं.

"चलो उत्तमभाई," तो म्हणाला. "अर्बाब का मशीन बंद पड़ा है. छोटा काम है. थोड़ी हवा भी लगेगी."

ओमानच्या किनाऱ्यावर, या दुक्ममध्ये, हवेला तोटा नाही. समुद्रावरून वारा असा सुटतो की दोरीवरचे कपडे रोज कुणाचे तरी कुणाच्या दारात सापडतात. इक्बालला म्हणायचं होतं ते एवढंच, की मी आता खोलीबाहेर पडावं. हा माणूस कंपनीची गाडी चालवतो आणि सुट्टीच्या दिवशी एका ओमानी म्हाताऱ्याच्या, त्याच्या अर्बाबच्या म्हणजे मालकाच्या, शेळ्यांकडे बघतो. मूळचा पाकिस्तानातल्या मकरानचा. आमची ओळख जेवणाच्या रांगेतली, पण गेल्या आठवड्यात माझ्या ताटात पोळ्या वाढून ताट माझ्यासमोर ठेवणारा तोच होता.

माझी बायको गेली होती. सुगंधा. तापाचं निमित्त झालं आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. मी इथून मस्कत, मस्कतहून मुंबई आणि मुंबईहून लांज्याजवळचं आमचं गाव गाठेपर्यंत तिला ठेवणं शक्य नव्हतं. माझ्या धाकट्या भावाने, साईने, अग्नी दिला, आणि मी तो फोनवर पाहिला. आमच्या प्लँटच्या दुरुस्तीचं मोठं काम काढलं होतं, ते संपल्यावर रजा मिळणार होती. साईच म्हणाला, दादा, आता धावत येऊन काय करणार, शिवांगीला आम्ही बघतो. शिवांगी माझी मुलगी, तिसरीत आहे.

मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, नंतर येईल. नंतरही आलं नाही. एकदा चहाची किटली हातात धरून मी नुसता उभा होतो. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने ती ओढून घेतली आणि माझा तळवा उलटा करून दाखवला, तेव्हा भाजल्याचं मला कळलं. दुखलं मात्र नाही. वीज गेलेल्या घरात बटणं दाबत हिंडावं, तसं माझं चाललं होतं.

त्या दिवशी तिचा दहावा होता. साईने आदल्या दिवशी बजावलं होतं, "तू पण तिकडे थोडा भात बाहेर ठेव. नवऱ्याच्या हातचा पोचतो." आमच्या कॅम्पवर कावळे नाहीत. बंदराकडे समुद्रपक्षी असतात, ते भाताकडे ढुंकून बघत नाहीत. तरी मी मेसमधून भात घेतला, डब्यात भरला आणि इक्बालच्या गाडीत बसलो.

डांबरी रस्ता सोडून गाडी बराच वेळ माळावरून गेली. माळ म्हणजे नुसती खडी आणि त्यावर ऊन. अर्बाबचा गोठा लोखंडी जाळीचा, आत पंधरावीस शेळ्या. म्हाताऱ्याचं नाव सालेम. डोक्याला फडका गुंडाळलेला, मांडीवर दुर्बीण लावलेली बंदूक. कोल्ह्यांनी त्याची करडं नेली होती. इक्बाल त्यांना लोमडी म्हणायचा. आमच्याकडच्या कोल्ह्यापेक्षा लहान, मोठ्या कानांचे खोकड. मी आपला कोल्हाच म्हणतो.

मशीन म्हणजे हिरवा प्लास्टिकचा डबा, त्याला भोंगा आणि सोबत रिमोट. बटण दाबलं की जखमी करडाचं ओरडणं ऐकू येतं. ते ऐकून कोल्हा आयतं खायला येतो आणि बंदुकीच्या टप्प्यात सापडतो. आत वाळू गेली होती आणि एक तार सुटली होती. मी ती जोडली, बटण दाबलं. डब्यातून जे ओरडणं निघालं त्याने गोठ्यातल्या सगळ्या शेळ्या एकदम उठून उभ्या राहिल्या.

"खलास," सालेम म्हणाला. "यल्ला." मलाही चल म्हणून त्याने खूण केली.

पहिल्या ठिकाणी सगळं सांगितल्यासारखं झालं. इक्बालने डबा लांब खडीत ठेवला, आम्ही खडकाआड बसलो, वारा तोंडावर. बोलायचं नाही, हलायचं नाही. डबा ओरडत राहिला. थोड्या वेळाने एक कोल्हा दबकत, लांबून फेरी घेत, दर चार पावलांवर थांबत आला. सालेमने गोळी झाडली. मी जाऊन तो उचलला. हाताला काही वजनच लागलं नाही. अंग अजून ऊबदार होतं. एरवी मी मांजराचं पिल्लू मेलेलं बघितलं तरी जेवलो नसतो. त्या दिवशी मी तो गाडीच्या मागे टाकला आणि हात खडीला पुसले.

दुसरी जागा जरा उंचावर होती. तिथे बसलो, डबा ओरडायला लागला, आणि माझ्या खिशात फोन थरथरला. उंचामुळे रेंज आली होती. साईचा व्हिडिओ कॉल. सालेमने डोळे वटारले, पण इक्बाल त्याच्या कानाशी काहीतरी कुजबुजला आणि म्हाताऱ्याने नजर परत माळाकडे वळवली. मी फोनचा आवाज अगदी कमी केला.

पडद्यावर आमची नदी दिसली. पानावर पिंड, भोवती घरची माणसं उन्हात ताटकळलेली. मागे आंब्याच्या फांदीवर कावळे ओळीने बसलेले.

"दादा, कावळा शिवत नाय रे," साई म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "सगळं बोलून झालं. शिवांगीला शिकवू म्हटलं, वहिनीचे दागिने तिलाच देऊ म्हटलं. दादाला परत आणू म्हटलं. बसलेत नुसते. भटजी म्हणतात दर्भाचा कावळा करू आणि उरकू. पण मग गावात बोलणी होणार… पोरीने जन्मभर ते ऐकायचं काय? तू बोल. तुझ्यासाठी अडली असेल ती."

मग फोन शिवांगीच्या हातात गेला. शाळेचा फ्रॉक, वेण्या कुणीतरी चुकीच्या घातलेल्या. सुगंधा तिच्या वेण्या कानामागून घालायची.

"पप्पा," ती म्हणाली, "आई रुसलीय. तू सांग ना तिला."

एवढ्याने तरी मला काही व्हायला हवं होतं. मी वाट बघितली. काही झालं नाही. समोर डबा करडाच्या आवाजात किंचाळत होता, ऊन डोक्यावर आलं होतं, आणि मला फक्त हे सगळं लवकर संपायला हवं होतं. मी जेवणाचा डबा उघडला, भात पुढ्यातल्या सपाट दगडावर उपडा केला, फोन तोंडाजवळ धरला आणि हळूच म्हणालो, "सुगंधा… तुला जे हवं ते घेऊन जा. पण ये."

मला दुसरं काही सुचलंच नाही.

मशीनचं ओरडणं थांबलं. मला वाटलं इक्बालने बंद केलं. पण तो रिमोटकडे बघत होता, बोटं बटणापासून लांब. मग वाराही पडला. दुक्ममध्ये वारा पडत नाही हो. इतक्या वर्षांत मी तो पडलेला पाहिला नव्हता. ओलसर वास आला, पावसाळ्यात नदीकाठच्या चिखलाला येतो तसा, त्या कोरड्या खडीतून.

तेवढ्यात कोल्हा आला. दबकत नाही, फेरी घेत नाही. समोरून, भर उन्हात, सरळ चालत. डब्याच्या अगदी जवळून गेला पण त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सालेमची बंदूक त्याच्यावर रोखलेली मला दिसत होती. गोळी सुटली नाही. माझ्यापासून हातभर अंतरावर, त्या दगडापाशी तो थांबला. मोठे कान, पोटाची पिवळसर लव, सगळं मला स्वच्छ दिसलं. त्याने भाताचा एक घास घेतला. एकच. माझ्याकडे बघितलं, आणि वळून आला तसा निघून गेला.

फोनमधून आरडाओरडा ऐकू आला. "शिवला… शिवला!" साई रडत होता. "दादा, सगळे एकदम आले रे… तू बोललास आणि आले!"

वारा परत सुटला. डबा आपोआप ओरडायला लागला. इक्बालने धावत जाऊन त्याची बॅटरी काढली.

सालेम बंदूक मांडीवर घेऊन बसला होता. इक्बालशी तो बराच वेळ अरबीत बोलला. इक्बाल माझ्याजवळ आला, पण त्याने नेहमीसारखा खांद्यावर हात ठेवला नाही.

"उत्तमभाई… आपने किसको बुलाया?"

"क्यों?"

"अर्बाब पूछता है… तुम्हारा आदमी पागल है क्या. बोलता है, दुर्बीन में बच्ची थी. दो चोटी वाली. मैं बच्ची पे गोली कैसे चलाता…"

"लोमड़ी थी," मी म्हणालो. "तुमने भी देखा."

"हाँ. मैंने लोमड़ी देखी." तो खाली बघत म्हणाला. "मगर दुर्बीन तो अर्बाब के पास थी."

फोन अजून चालू होता. मी साईला विचारलं, शिवांगी कुठे आहे? तो म्हणाला, इथेच होती, बायकांबरोबर पुढे घरी गेली असेल. संध्याकाळी त्याने कॉल लावून दिला. शिवांगी ओटीवर बसून जेवत होती. भात, नुसता, हाताने कालवत. मला बघून तिने मान हलवली आणि परत जेवायला लागली.

तेव्हापासून ती बरी आहे, असं सगळे म्हणतात. आईचं नाव काढत नाही, रडत नाही, पोटभर जेवते. साईच्या बायकोला तर हायसं वाटलंय. फक्त घरचा कुत्रा अंगणात पाय ठेवत नाही, आणि गाय तिला बघून दावं ताणते. साई म्हणतो, जनावरांना कळतं घरात कोण गेलं ते. मी हो म्हणतो.

इकडे कॅम्पवर त्याच आठवड्यात माझ्या खोलीबाहेर पावलं उमटायला लागली. आमच्या खोल्या ओळीने, पत्र्याच्या, आणि माझी शेवटची. तिच्यापुढे माळ सुरू होतो. सकाळी ड्यूटीला निघताना वाळूत लहान मुलाची, अनवाणी पावलं दिसायची. माळाकडून माझ्या दारापर्यंत आलेली. परत गेलेली नाहीत. शेजारच्यांना मी दाखवली, तर ते म्हणाले, मांजर असेल. मी रात्री दाराबाहेर भात ठेवायला लागलो. काय करावं कळेना म्हणून ठेवला, झालं. सकाळी ताटली चाटून पुसून स्वच्छ असायची.

मागच्या शुक्रवारी दुपारी मी खोलीत एकटा होतो. शिवांगीशी व्हिडिओवर बोलणं चाललं होतं. बाहेर लख्ख ऊन. दारावर खालच्या बाजूला खरवडल्याचा आवाज आला. मग अगदी हळू, पत्र्याला तोंड लावून बोलावं तसं, "पप्पा… ऊन लागतंय."

आवाज शिवांगीचा होता. फोनमध्ये शिवांगी माझ्याकडे बघत होती. तिच्या वेण्या कानामागून घातलेल्या होत्या.

"पप्पा," ती फोनमधून म्हणाली, "तिला आत घेऊ नकोस."

दाराबाहेर कोण येतं ते मी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, बापाला आपली मुलगी ओळखता येत नाही? येते. पण तिला डोळ्यांनी किंवा कानांनी थोडीच ओळखतात. बघितल्यावर आत काहीतरी हलतं, त्याने ओळखतात. मी फोनकडे बघितलं, काही हललं नाही. दाराकडे बघितलं, तिकडेही नाही. हवं ते घेऊन जा, असं मीच म्हणालो होतो. आता दोघींपैकी एक माझी आहे, आणि दुसरी कोण आहे ते सुगंधाला माहीत. मला भीतीसुद्धा वाटत नाही, आणि भीती वाटायला हवी ती त्याचीच. मी जागचा उठलो नाही. बऱ्याच वेळाने खरवडणं थांबलं. फोनमधली शिवांगी तोवर माझ्याकडे बघत बसली होती.

प्लँटचं काम संपलं. रजा मंजूर झाली आहे, तिकीटही आलं आहे. साईने पोरीला सांगितलं, पप्पा येणार. ती खूश आहे म्हणतो, रोज दारात वाट बघत बसते. इक्बाल मला विमानतळावर सोडायला तयार आहे, पण खोलीपर्यंत यायला नाही म्हणतो. बॅग भरून झाली. फक्त मी गेल्यावर इथे भात कोण ठेवणार, तेवढं ठरायचं राहिलंय.