येल्मरचा कोरा कॅल्क्युलेटर

ही २००३ सालची गोष्ट. फेब्रुवारी संपत आला होता, तरी हारिन्सवाल या डच खेड्याचं तळं गोठलेलंच होतं. एरवी असं बर्फ धरलं की अख्खं गाव स्केट घालून त्यावर उतरायचं. त्या वर्षी कुणी उतरलं नाही. आधीच्या हिवाळ्यात येल्मर डाइकेमा तिथेच बर्फाखाली गेला होता.

त्या दिवशी बारावीच्या मुलांची गणिताची पूर्वपरीक्षा होती. ती संपली, मुलांनी रेडिएटरवर वाळत घातलेले हातमोजे उचलले आणि शाळा रिकामी झाली. गणिताच्या व्हीत्स्के अल्ग्रा बाई सायकल घ्यायला शेडमध्ये आल्या, तर येल्मरची धाकटी बहीण हिस्के तिथे जमिनीवर बसलेली. मांडीवर कॅल्क्युलेटर. तिच्या सायकलच्या हँडलला स्केटचे बूट लटकत होते. पाती नुकती धार लावून आणल्यासारखी चमकत होती.

"बाई, तो गेला," हिस्के म्हणाली.

"कोण?"

"येल्मर. पुन्हा."

व्हीत्स्केबाईंचं निवृत्तीचं वर्ष होतं ते. त्या कॉपी करणारं पोर उत्तरावरून ओळखत नसत, चुकीवरून ओळखत. शाळेत त्यांचा तोच दरारा होता. पण त्या दिवशी त्यांनी लगेच काही विचारलं नाही. आधी हिस्केला उठवलं, वर्गात नेलं, गरम चहा दिला. मग कॅल्क्युलेटर हातात घेतला.

तो ग्राफ काढणारा जाडजूड कॅल्क्युलेटर येल्मरचा होता. मागच्या बाजूला त्याने खिळ्याने आपलं नाव कोरलं होतं. पडदा कोरा होता. मेमरीत काही नव्हतं. कारखान्यातून आजच आल्यासारखा.

हिस्केने थांबत थांबत सगळं सांगितलं. येल्मरने त्यात तिच्या नावाचा एक छोटा प्रोग्रॅम करून ठेवला होता, मूळ प्रत मशीनच्या आतल्या कप्प्यात. तो चालवला की पडद्यावर यायचं, 'झोप आता, हिस्के.' ती रात्री जागायची म्हणून केलेली थट्टा. तो गेल्यावर ती रोज ते पाहायची. मग शरद ऋतूतली परीक्षा झाली आणि त्या ओळीखाली आणखी एक ओळ आली. 'इथे थंडी नाही.' पुढच्या परीक्षेनंतर आणखी एक. मग तीही खाली लिहू लागली आणि त्याची उत्तरं येऊ लागली.

"फक्त परीक्षेनंतर?" बाईंनी विचारलं.

"हो. दर वेळी मेमरी पुसली जायची, आणि परत यायची तेव्हा तो काहीतरी घेऊन यायचा. तुम्हाला खोटं वाटत असेल. पण त्याने लिहिलं होतं, 'पडण्याआधी आम्ही शर्यत लावली होती.' हे कुणाला ठाऊक होतं? मला नव्हतं, आईला नव्हतं."

"आज तू त्याला काय लिहिलं होतंस?"

ते हिस्केने सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की तो परत आल्याशिवाय ती मे महिन्यातल्या परीक्षेला बसणार नाही, कुठेच जाणार नाही. बाईंना तिच्या सायकलला लटकणारे ते स्केटचे बूट आठवले. उत्तर उद्याच्या उद्या सापडायला हवं, हे त्यांच्या लक्षात आलं.

"आज हा कुणाकुणाच्या हातात गेला?"

"रायनाल्डा सरांच्या. दारात. बाकी कुणाच्याच नाही."

आमच्याकडे तेव्हा रीतच तशी होती. परीक्षेच्या दारात एक शिक्षक उभा राहायचा आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या कॅल्क्युलेटरची मेमरी पुसायचा. कुणी आत सूत्रं भरून नेऊ नयेत म्हणून. पोरंही बेरकी. आपले खेळ, आपले प्रोग्रॅम आदल्या तासाला एका बोटभर लांबीच्या केबलने मित्राच्या कॅल्क्युलेटरमध्ये सांभाळायला द्यायची, परीक्षा झाली की परत घ्यायची. सगळ्या शिक्षकांना हे ठाऊक होतं. कुणी बोलत नसे.

उपमुख्याध्यापक रायनाल्डा अजून कचेरीत होते. चौकशी म्हटल्यावर ते फुगले. आपण नियमाबाहेर एक बटण दाबत नाही, हे त्यांनी दोनदा ऐकवलं.

"चालती मेमरी तेवढी पुसता, की आतल्या कप्प्यात कायमची ठेवलेलीही?" बाईंनी विचारलं.

"चालती. आतला कप्पा पुसला तर मशीनमधली डच भाषासुद्धा जाते. मग पोरं माझ्या नावाने शंख करतात. मला काय वेड लागलंय?"

बाईंनी कॅल्क्युलेटर सुरू करून त्यांच्यापुढे धरला. पडद्यावरच्या यादीतली सगळी नावं इंग्रजीत होती.

रायनाल्डांनी चष्मा काढला. "हे माझं काम नाही, व्हीत्स्के. हे कुणीतरी मुद्दाम केलंय."

म्हणजे तो दोनदा पुसला गेला होता. एकदा दारात, नियमाप्रमाणे. आणि एकदा हॉल आणि सायकल शेड यांच्यामध्ये कुठेतरी, मुळापासून.

संध्याकाळ व्हायच्या आत बाई हिस्केला घेऊन तिच्या घरी गेल्या. तिच्या आईने, फूक्येने, कॉफी ओतली, डब्यातून एकेक बिस्किट काढून दिलं आणि झाकण लावलं. हिस्के वर गेल्यावर ती हळू आवाजात बोलली. ते यंत्र घरातून जावं असं तिला केव्हापासून वाटत होतं. पोरगी जेवता जेवता त्याच्याशी बोलायची.

"तू पुसलंस का?"

"पुसलं असतं गं. मला ते चालूसुद्धा करता येत नाही."

"फूक्ये, त्या दिवशी पोरांनी शर्यत लावली होती?"

"कसली शर्यत? घरी येत होते दोघं, तळ्यावरून जवळ पडतं म्हणून. पोलीसही तेच म्हणाले."

दोघं. बाईंनी कप खाली ठेवला. निघताना दारातल्या खुंटीवरचे हिस्केचे स्केटचे बूट त्यांनी आपल्या पिशवीत टाकले. फूक्येने ते पाहिलं. तिचा चेहरा उतरला. त्या रात्री ती हिस्केच्या खोलीत झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हीत्स्केबाईंनी आपल्या वर्गात दोघांना बोलावलं. हिस्के आली. तिच्या मागून बाउके टोल्स्मा आला. उंच, वाकलेला, कुणाशी न बोलणारा. येल्मरचा जिवलग मित्र. त्या दिवशी बर्फावर दोघं होते. एक परत आला होता. पुढे तो नापास झाला आणि आता हिस्केच्याच वर्षाला होता, पण विषय वेगळे.

"हिस्के," बाई म्हणाल्या, "परीक्षेआधी प्रोग्रॅम सांभाळायला कुणाकडे देतेस?"

"बाउकेकडे. नेहमीच. पण त्याच्याकडचाही गेला. काल परीक्षेत त्याचीही मेमरी पुसली."

"काल बाउकेचा इतिहासाचा पेपर होता. इतिहासाच्या पेपराला कॅल्क्युलेटर कोण पुसतं?"

बाउकेने मान खाली घातली.

"आणि प्रोग्रॅम परत घेताना केबल कोण जोडतं?"

"तोच," हिस्के म्हणाली. "दोन्ही त्याच्याच हातात असतात. पण तो काय, तो तर..."

"तो धरायचाच नाही, असं तुला वाटलं. रायनाल्डा सर धरलेस, बाउके नाही. घरचं माणूस कुणी मोजत नाही." बाई टेबलाच्या कडेवर टेकल्या. "काय झालं ते मी सांगते, चुकलं तर सांग, बाउके. ओळी परीक्षेनंतरच यायच्या, कारण तेव्हाच प्रोग्रॅम दुसऱ्या कुणाकडे राहायला जायचा. येल्मर नवं काही घेऊन येत नव्हता. ज्याच्याकडे तो राहत होता, तो लिहीत होता. शर्यत लावल्याचं ठाऊक असणारी माणसं दोनच. त्यातलं एक आता नाही. काल दोन्ही प्रती एकाच दिवशी गेल्या, आतल्या कप्प्यातल्या मूळ ओळीसकट. दोन्ही जागा ठाऊक असलेला आणि दोन्ही मशीन हातात असलेला एकच माणूस आहे."

वर्गात रेडिएटर टकटक करत होता.

"पहिली ओळ त्याची," बाउके म्हणाला. कितीतरी महिन्यांत त्याचा आवाज कुणी नीट ऐकला नव्हता. "बाकीच्या माझ्या."

हिस्केचे ओठ पांढरे पडले. "थंडी नाही, ते पण?"

"ते पण. तू पहिल्यांदा मला ते सांभाळायला दिलंस, तर आत एवढंच, 'झोप आता.' मला वाटलं, एवढ्यावर तो संपायला नको. आणि शर्यत मी लावली होती. कुणाला तरी सांगायचं होतं. माझ्या नावाने जमेना."

"मग पुसलंस कशाला?"

त्याने बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "सांग. तिच्यासमोरच सांग."

"काल तू लिहिलं होतंस, 'बर्फ आहे तोवर मी येऊ का?'" त्याने हात खिशात घातले, परत काढले. "मी 'नको' लिहिलं असतं, तर ते त्याने लिहिल्यासारखं झालं असतं. तू पुन्हा विचारलं असतंस. 'ये' तर... आणि त्याची ती एक ओळ ठेवली असती, तर तू तिच्याखाली परत लिहायला लागली असतीस. म्हणून सगळंच."

"ती एकच ओळ होती माझ्याकडे त्याची."

"ठाऊक आहे."

"दुसऱ्यांदा गेला तो, बाउके. आणि या वेळी तू त्याला ढकललंस."

बाउकेने अंग चोरलं नाही की माफीही मागितली नाही. हिस्के एकाएकी खाली बसली आणि येल्मर गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने रडली. व्हीत्स्केबाईंनी तिला धरून ठेवलं. दुपारी त्यांनी दोघांनाही आपल्या घरी नेलं, वाटाण्याचं दाट सूप गरम केलं आणि वाडगे रिकामे होईपर्यंत कुणाला उठू दिलं नाही. तळं मार्चमध्ये वितळलं.

हिस्के मे महिन्यातल्या परीक्षेला बसली, शाळेचा कॅल्क्युलेटर घेऊन. बाउकेही बसला आणि या वेळी पास झाला. तो टेर्सखेलिंग बेटाच्या बोटीवर लागला, आज तिथेच कप्तान आहे. हिवाळ्यात कुणी बर्फाचा विषय काढला की तो डेकवर निघून जातो. त्या शर्यतीचं त्याने त्याच वसंतात फूक्येला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. दर वर्षी येल्मरच्या वाढदिवसाला ती त्याला जेवायला बोलवायची, शेवटपर्यंत. रायनाल्डा मुख्याध्यापक झाले नाहीत. ते स्पेनला जाऊन राहिले. व्हीत्स्केबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. दारात उभं राहून मेमरी पुसायची रीतही गेली. आता परीक्षेपुरती मेमरी यंत्रच बंद करतं, तसा त्यावर एक दिवा लुकलुकतो आणि तेवढ्यावर भागतं.

हिस्के लेवार्डन शहरात सुईण आहे. तिला तीन मुलं आहेत. तो कॅल्क्युलेटर तिच्याकडे आहे, कोराच. त्यात तिने पुन्हा काही लिहिलं नाही. पुसलेल्या सगळ्या ओळी तिला अजून पाठ आहेत. एक सोडून सगळ्या बाउकेच्या, हे तिला पक्कं ठाऊक आहे. बाळंतिणीजवळ रात्र काढताना त्या तिला ऐकू येतात, असं तिने मला एकदा सांगितलं. ऐकू येतात त्या येल्मरच्या आवाजात.