परत येणारी भाकरी

त्या साली अकोल्यात कापसानं सगळ्यांचीच डोकी फिरवली होती. विलायतेला कापूस हवा होता आणि अख्खं वऱ्हाड तागडी घेऊन उभं होतं. अशा गर्दीत हरवलेला गरीब माणूस शोधायला कोणाला वेळ असणार? म्हणून अमरावतीची नसीमबानो थेट वामनरावांच्या ओट्यावर येऊन बसली.

वामनराव पूर्वी निजामाच्या अमलात कोतवालीत होते. आता लोकांची अडलेली कामं ते स्वतःच घेत. शेजारी त्यांचे मित्र नत्थुजी चिलीम ओढत बसलेले.

"माझा घरवाला नबी मोहरा कोरते," ती म्हणाली. "कापसाच्या गठ्ठ्यावर माराचा शिक्का कोराले इथल्या व्यापारी खुशालरावांनी त्याले हिवाळ्यात इकडे बोलावलं. गोवर्धन सराफ म्हणते, त्याची चांदी घेऊन नबी पळाला. मोहल्ल्यात मले चोराची बायको म्हणतात. ईद होऊन पंधरवडा झाला, मी शिरखुरमा नाही केला. तो जिता हाये का नाही, तेवढं सांगा भाऊ."

गोवर्धन सराफ मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात भेटला. आधीच वैतागलेला.

"चांदीच्या विटा गेल्या, अन् संगं नबी गेला. आता अजून काय पाहिजे तुमाले?"

"विटा होत्या कुठं?"

"खुशालरावांच्या वखारीत. भरवशाचा माणूस."

"नेताना पाहिलं कोणी?"

"खुशालरावांनीच पाहिलं ना!"

बाहेर पडताच नत्थुजी म्हणाले, "हा सराफच लबाड दिसते."

"नत्थुजी, डोकं काय पागोट्यापुरतंच ठेवलं का?" वामनराव म्हणाले.

खुशालराव कापसाचे बडे व्यापारी. त्यांच्या आवाराच्या फाटकावर राखणदारानं नत्थुजींची चिलीम काढून घेतली. कापसाजवळ ठिणगी नको, मालकाचा हुकूम होता. नत्थुजींचं तोंड कडू झालं ते झालंच. आत कापूस दाबायच्या यंत्राचा दणका चालू होता. शेतकरी कापूस टाकून रुपये कनवटीला लावत होते. छाप जुना नबाबी, पण रुपये आरशासारखे लख्ख.

"नबी शिक्का कोरून दुसऱ्याच दिवशी गेला," खुशालराव म्हणाले. "हैदराबादेत शोधा ना. माझा वेळ काहून खाता?"

"त्या मागच्या वखारीत काय हाये?"

"सरकी. माझ्या गावचे गडी राहतात तिथं, सगळे माळकरी. त्यांच्यात तुमचा नबी कुठून येईल?"

रांधणीत गड्यांचा स्वयंपाक करणारी मैनाबाई भाकरी थापत होती. तिला बोलायला कोणीतरी हवंच होतं.

"काय सांगू भाऊ, चिंचेची पोती येतात आन् मागच्या वखारीत जातात. माझ्या आमटीले बोटभर नाही. वरून ही भाकरी! दीड महिना झाला, दुपारची एक भाकरी रोज जशीच्या तशी परत येते. आजबी आली. रात्री मात्र कण उरत नाही. खाणाऱ्याले काय रोग झाला, देव जाणे."

"वखारीले खिडकी?"

"सरकीले कायची खिडकी?"

वखारीच्या मागल्या दाराशी वामनराव वाकले, जमिनीवरून बोट फिरवलं आणि नत्थुजींपुढे धरलं. बोट काळं झालं होतं.

"कोळसा," नत्थुजी म्हणाले. "अन् माझी चिलीम तेवढी नडली यांना!"

"बोललात खरं. आता त्याच्यावर जरा विचारबी करा."

दिवस कलताना वामनरावांनी ठाणेदार, गोवर्धन सराफ आणि नसीमबानोला त्याच दारापाशी आणलं. खुशालराव संतापले होते.

"इथं चिलीम चालत नाही, पण कोळसा चालते," वामनराव म्हणाले. "म्हणजे आत भट्टी. चांदीच्या चकत्या तापून काळ्या पडतात, त्या चिंचेच्या पाण्यात उकळून उजळवतात. घणांचा आवाज यंत्राच्या दणक्यात जिरते. म्हणून बाहेर जुन्या छापाचे नवे रुपये. गोवर्धनशेठ, तुमच्या विटा शेतकऱ्यांच्या कनवटीले गेल्या. अन् रुपयांचे ठसे कोरणारा नबी सुटला तर बोभाटा करेल, म्हणून तो आतच."

"माळकऱ्यांत?" ठाणेदारांनी विचारलं.

"दुपारी न खाणारा माळकरी कोणता? दीड महिन्यामागं रमजान लागला. तवापासून दुपारची भाकरी परत येते."

"ईद तर होऊन गेली!" नत्थुजी वैतागले.

"तेच तर! रमजान तोंडावर असताना कोंडला, म्हणून रोजे धरले; पण आत दिवसांची मोजदाद सुटली. चंद्र दिसत नाही, बांग ऐकू येत नाही, राखणदार बोलत नाहीत. ईद झाली हे ज्याले ठाऊकच नाही, असा माणूस कोंडलेलाच असते."

खुशालरावांनी किल्ली फेकली. "मुंबईहून चांदी येते, रुपये येत नाहीत. शेतकरी विटेवर कापूस देते का? माझ्या आज्याच्या टांकसाळीतबी विकत घेतलेले लोकच घण मारत. तवा कोणी काहून नाही विचारलं?"

"तवाच विचाराले पाहिजे होतं," वामनराव म्हणाले.

दार उघडलं. पायात साखळी घातलेली चार माणसं ऐरणींपाशी होती. उजेड आला तरी कोणी मान वर केली नाही. घण पडतच राहिले, कारण थांबा असं कोणी म्हटलंच नव्हतं. वामनरावांचा साऱ्या दिवसाचा वैताग तिथंच गळून गेला.

"थांबा रे बाबांनो," ते म्हणाले. 

कोपऱ्यात ठसे कोरणारा हडकुळा माणूस बायकोकडे बघत राहिला. ओठ वाळलेले.

"नसीम, चाँद दिसला का?" नबीनं विचारलं.

तिनं पाण्याचं भांडं त्याच्या ओठांशी धरलं.

"आत्ताच दिसला. उद्या ईद हाये."

खरं सांगायला नत्थुजींनी तोंड उघडलं, तोच वामनरावांनी त्यांचा पाय जोरात दाबला.

दुसऱ्या दिवशी वामनरावांच्या ओट्यावर नबी आणि ते चौघे शिरखुरमा खायला बसले. दूध नत्थुजींनी आणलं होतं, तेही कुरकुरत.