गेलेल्या माणसामागचा झाडू

त्या दिवशी मी प्रमोदिनीबाईंकडं विरजण मागायला गेले होते. विरजण माझ्या घरात होतं. पण वाटी हातात असली की कुणाच्याही दारात हवा तेवढा वेळ उभं राहता येतं, 'का आलीस' म्हणून कुणी विचारत नाही. आमचे खाजामियाँ म्हणतात, "अजीजा, तू इकडं राहतीस, पण नाक तेवढं भिंतीपलीकडं ठेवतीस." म्हणू देत. त्यांचं पंक्चरचं दुकान हायवेवर आहे, ट्रकवाले त्यांना साऱ्या मुलखाच्या खबरा आणून देतात. मला आपली ही एक भिंतच आहे.

भिंतीपलीकडं प्रमोदिनीबाई एकट्या राहतात. आईचं दुखणं काढता काढता लग्नाचं वय गेलं. इथं नळदुर्गातच एका पतसंस्थेत कारकून होत्या. मॅनेजर उमाशंकर साहेब वयानं लहान, पण हाक मारणार "ओ बाई!" अशी, जशी भांडेवालीला मारतात. बाई खाली मान घालून काम करत राहिल्या आणि पोटाला चिमटा काढून घरामागच्या जागेत खोल्या बांधत राहिल्या. एकीचं भाडं यायचं, त्यातून दुसरीचा पाया निघायचा. शेवटच्या खोलीवर पत्रे चढले आणि बाईंनी राजीनामा दिला.

सगळी गल्ली समजवायला आली. बाईमाणूस, एकटी, भाड्यावर कसं भागायचं? उमाशंकर साहेब तर हसले म्हणे. "जा, जा. तुमची खुर्ची रिकामीच ठेवतो. याल परत."

बाई मला म्हणाल्या, "भाभी, उपाशी राहीन, पण त्या खुर्चीत परत बसणार नाही."

तर, मी वाटी घेऊन गेले तेव्हा तीन नंबरच्या खोलीतला विरुपाक्ष सामान भरत होता. हायवेच्या कामावर जेसीबी चालवायचा. उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकात त्याचं गाव. इथलं काम संपलं म्हणून निघाला होता. मोठा गुणी माणूस. दुपारी कामावरून आला की आधी अंघोळ, मग जेवण. बाईंना 'अक्का' म्हणायचा. "येतो अक्का," म्हणाला आणि टेम्पोत बसला.

टेम्पो गल्लीच्या तोंडाशी पोचला नसेल, तोवर बाईंनी पदर खोचला आणि खोली झाडायला घेतली.

"अगं माय! बाई, थांबा!" मी दारातूनच ओरडले. "माणूस अजून गल्लीत हाय की! असा मागोमाग झाडू मारतात व्हय?"

"काय होतंय भाभी?"

"मयत उचलल्यावर मारतात तसा. जित्या माणसामागं न्हाय."

बाई हसल्या. "नवीन भाडेकरीण आत्ता बारा वाजता येणार. तिला काय ह्याचा कचरा दाखवू?" आणि झाडूनही टाकलं. विरुपाक्षाचे चार केस, दोऱ्याचा तुकडा, बुटाची माती. सुपलीत भरलं आणि गटारीत फेकलं.

त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी टेम्पो बंद पडला. विरुपाक्ष खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि मागं वळून बघायला लागला. काहीतरी राहिलं, पण काय राहिलं ते आठवत नाही, असं त्याचं तोंड झालं होतं. मग टेम्पो सुरू झाला आणि तो गेला.

नवीन भाडेकरीण भैरवी. दवाखान्यात नर्स, रात्रपाळी करायची आणि दिवसा झोपायची. आठवडा व्हायच्या आत ती माझ्या भिंतीशी आली. डोळे लाल झालेले.

"भाभी, माझ्या खोलीत आधी कोण होतं?"

"का गं?"

"दुपारी... मोरीत कुणीतरी अंघोळ करतंय."

मी हसणार होते. पण तिचं तोंड बघून हसू गिळलं. ती सांगत होती आणि बोलता बोलता तिचा आवाज खाली खाली जात होता. नळ बंद असतो. तरी बादली भरल्याचा आवाज येतो. मग तांब्या. मग चंदनाच्या साबणाचा वास. उठून बघावं, तर मोरी ओली. आणि मोरीतून खोलीत आलेली ओली पावलं... ती भिंतीवरच्या खिळ्याखाली जाऊन थांबतात. टॉवेल अडकवायला माणूस थांबतो तशी.

"परत फिरत न्हाईत?" मी विचारलं.

"न्हाईत ना भाभी. तिथंच उभी राहतात... वाळेपर्यंत."

भैरवी गेली. तिच्यानंतर एक जोडपं आलं, तेही टिकलं नाही. मग गल्लीत कुजबुज सुरू झाली. बाकीच्या खोल्यांतले लोक दुसरीकडं जागा बघायला लागले. आणि उमाशंकर साहेबांचा निरोप आला, खुर्ची अजून रिकामी आहे म्हणावं.

बाई भिंतीशी येऊन बसल्या. "भाभी, जावं लागणार बहुतेक. एक खोली बदनाम झाली की सगळ्या रिकाम्या होतील. मग खायचं काय?"

ज्या बाईनं आईला खांदा देताना डोळ्यातनं पाणी काढलं नव्हतं, तिचा आवाज कापत होता. मी म्हटलं, "उद्या दुपारी आपण दोघी जाऊन ऐकू. मग ठरवा."

उन्हाळ्यातली नळदुर्गची दुपार तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. पत्रे तापून टकटक वाजतात. आम्ही दोघी तीन नंबरच्या दाराशी उभ्या राहिलो. दाराला बाहेरून कुलूप. किल्ली बाईंच्या कमरेला.

आत बादलीत पाणी पडायला लागलं.

मग तांब्या बुडाला. पाणी अंगावरून फरशीवर सांडलं. कुणीतरी खाकरलं... दोनदा, आणि शेवटी एक लांब 'हं'. तो खाकर मी भिंतीपलीकडून रोज ऐकला होता. मग गुणगुणणं सुरू झालं. शब्द नव्हते, नुसती चाल. कानडी.

बाईंची बोटं माझ्या मनगटात रुतली. "भाभी... हा तर विरुपाक्ष..."

"मेला की काय बिचारा?"

बाईंनी फोन लावला. रिंग वाजत होती. आत गुणगुणणं चालूच होतं. आणि तिकडून फोन उचलला गेला.

"अक्का?"

आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघायला लागलो. कानाला तो, दारापलीकडंही तोच.

"बरं केलात फोन केलात," तो हळू बोलत होता. "मला आता कुणी फोन करत न्हाय. बायको ताटं वाढती, मला वाढायचंच विसरती. समोर बसलेलो असतो की अक्का! पोरगी माझ्या अंगावरून उडी मारून जाती. आरशात बघायचं सोडलंय मी... अक्का, तुमच्याकडं माझं काही राहिलंय का? सारखं वाटतंय, काहीतरी राहिलंय."

बाई खाली बसल्या. मी त्यांच्या कानात म्हटलं, "बोलवा त्याला."

"आणि आत गेला, आणि परत बाहेर आलाच न्हाय तर?" बाई कुजबुजल्या. "मग माझ्या खोल्या गेल्या भाभी. सगळंच गेलं."

त्या बराच वेळ कुलपाकडं बघत बसल्या. आतलं पाणी थांबलं होतं. मग त्यांनी फोन तोंडाशी धरला, आणि असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "विरुपाक्ष, उद्या ये. तुझं राहिलंय माझ्याकडं. घर माझं आहे, मालकीण मी आहे, मीच तुला देणार."

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून दारात बसून होते, एसटीतून येईल म्हणून. गल्लीत शिरलेलं मांजरसुद्धा माझ्या नजरेतून सुटत नाही. आणि भिंतीपलीकडून बाईंची हाक आली, "भाभी, तो आलाय!"

माझ्या समोरून गेला होता तो. माझ्या! आणि मला दिसला नव्हता. त्या घटकेला मला खरी भीती वाटली.

अंगणात उभा होता. कपडे तेच, माणूस तोच, पण धुऊन धुऊन विटलेल्या छापासारखा. नजर त्याच्यावर ठरत नव्हती, घसरून मागच्या भिंतीवर जात होती. बाईंनी कुलूप काढलं. आत टॉवेल झटकल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ खाकर.

विरुपाक्षाच्या तोंडचं पाणी पळालं. "अय्यो... अक्का, हे मीच की."

बाई उंबऱ्याशी गेल्या. रिकाम्या खोलीशी बोलल्या, पण हिशेबानं, जसं भाडेकरूशी बोलावं. "विरुपाक्ष, तुला न्यायला तुझा माणूस आलाय. तू जिता असताना मी तुझ्यामागं मेल्यासारखा झाडू मारला, म्हणून तुझी वाट बंद झाली. चूक माझी. आता नीट अंघोळ कर, जेव, आणि आपल्या घरी जा. या खोलीत तुझं काही ठेवू नको."

विरुपाक्ष आत गेला. दार लोटलं गेलं. त्यानं लोटलं की दुसऱ्यानं, ते मला सांगता येणार नाही.

आत दोन माणसं खाकरली.

मी आयतुल कुर्सी म्हणायला लागले, बाई रामरक्षा. दोघींचं एकमेकींत मिसळून गेलं. पाणी पडत होतं, पडत होतं... थांबलं. मग काहीच नाही. पत्रे वाजायचेही थांबले. बाईंनी डोळे मिटून घेतले होते आणि किल्ली मुठीत इतकी आवळली होती की तळहातावर वळ उठला.

मग एकच माणूस खाकरला. दोनदा, आणि लांब 'हं'.

दार उघडलं. विरुपाक्ष बाहेर आला. केसांतून पाणी गळत होतं आणि चंदनाच्या साबणाचा वास अंगणभर पसरला. काळासावळा, धडधाकट, उन्हात सावली पडणारा माणूस! "अक्का," तो म्हणाला, "लई भूक लागलीय."

काय जेवला म्हणून सांगू! पिठलं खरवडून संपवलं. भाकरी करून करून बाईंचे हात दुखले. मग बाईंनी त्याच्या हातावर दही-साखर ठेवली, त्यानं ती चाटली आणि "येतो अक्का" म्हणून निघाला. या खेपेला मागं वळून बघितलं नाही. मी तोवर झाडू उचलून पाटाखाली घातला होता आणि पाटावर बसले होते. बाई म्हणाल्या, "अहो भाभी, मी काय आता मारणार आहे का?" मी म्हटलं, "तुमचा भरवसा न्हाय. तुम्ही स्वच्छतेच्या लई नादी."

संध्याकाळी फोन आला. विरुपाक्षाची बायको. "अक्का, ह्यांनी सगळ्या भाकऱ्या फस्त केल्या, आता मी काय खाऊ?" ओरडत होती आणि हसत होती. बाई फोन धरून रडल्या. मी पण रडले, मला कुणी विचारलं नाही तरी.

त्यानंतर बाईंनी कधी मागं बघितलं नाही. भैरवी परत आली, येताना दोन मैत्रिणी घेऊन आली. जी खोली बदनाम झाली होती, तिच्यासाठी लोक थांबायला लागले. बाईंची रीतच पडली. खोली सोडणाऱ्याला जेवू घालायचं, हातावर दही द्यायचं, आणि तो घरी पोचल्याचा फोन आल्याशिवाय झाडूला हात लावायचा नाही. लोक म्हणायचे, असं घर सोडवत नाही. वर मजला चढला. ज्या गल्लीनं शहाणपण शिकवलं होतं, तीच आता विचारायला यायची, "ताई, एखादी खोली रिकामी होईल का?" बाई अंगणात खुर्ची टाकून बसायच्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. चालल्या की गल्लीला कळायचं, मालकीण निघाली. मी त्यांच्याकडं बघून मनात म्हणायची, या बाईनं आपलं नशीब स्वतःच्या हातानं विटा रचून बांधलं.

दसऱ्यानंतर एक दिवस उमाशंकर साहेब आले. आम्ही दोघी अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. साहेबांनी चप्पल बाहेर काढली. "प्रमोदिनीताई" म्हणाले. ताई! मी तर शेंग तोंडातच धरून ठेवली.

"खुर्ची भरली न्हाय का अजून?" बाईंनी हसून विचारलं.

"न्हाय. गरज... गरजच पडली न्हाय." साहेबांनी कपाळ पुसलं. "दुपारी आम्ही कुलूप लावून जेवायला जातो. परत येतो तर तुमच्या टेबलावरचे सगळे कागद तयार असतात. शिक्के मारलेले. टाचण्या लावलेल्या. आडव्या... तुम्ही लावायच्या तशा. आधी बरं वाटलं. पण परवा डबा घरी राहिला म्हणून मी मधेच परत गेलो, आणि दार उघडलं, तर..." त्यांनी परत कपाळ पुसलं. "एकदा येऊन जा ताई. तिला... घेऊन जा."

मला राहवलं नाही. "साहेब, बाई निघाल्या त्या दिवशी मागोमाग झाडू मारला का कुणी?"

"मारला असेल. मीच म्हटलं होतं शिपायाला, बाई गेल्या, झाडून घे..."

बाईंनी हातातली शेंग फोडली. मग हसल्या. अशा मोकळ्या, पोटातून हसल्या की वरच्या मजल्यावरचे भाडेकरू कठड्याशी आले. "मी कशाला येऊ साहेब? मला जेवण जातं, झोप येते, सगळं गाव मला ओळखतं. माझं तिकडं काही राहिलेलं न्हाय. जी बसलीय, तिला तुम्ही ठेवून घेतलंत, तुम्हीच सांभाळा. आणि 'ओ बाई' म्हणू नका तिला."

साहेब पायात उलटी चप्पल घालून गेले. आम्ही दोघी हसून हसून वाकलो.

मग बाईंनी सोललेल्या दाण्यांची मूठ माझ्यापुढं केली. "घ्या भाभी."

मी हात पुढं केला आणि तो तसाच राहिला. सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोर शेंगा फोडत बसलेल्या बाईंच्या उजव्या हाताची बोटं जांभळ्या शाईनं भरली होती. शिक्क्याच्या शाईनं. ओली होती. दाण्यांवर त्यांच्या बोटांचे ठसे उमटले होते, आणि बाईंचं तिकडं लक्षच नव्हतं.

ते दाणे मी खाल्ले नाहीत. पदराला बांधून घरी आणले, फळीवर वाटीत ठेवले. आता संक्रांत होऊन गेली.

शाई अजून वाळलेली नाही.